बातमीचे पैसे कोण देतो?

श्रोतेहो, "आता पेपर कशाला घ्यायचा? सगळं मोबाईलवर येतंय की, आणि तेही फुकट!" हे वाक्य अलीकडे जत-आटपाडीपासून पाटण-जावळीपर्यंत कुठेही कानावर पडते. बोलणाऱ्याचे काही चुकते असे नाही. सकाळच्या एस.टी.ने येणाऱ्या गठ्ठ्याची वाट पाहण्यापेक्षा खिशातल्या फोनवर बातमी वाचणे सोयीचे आहे, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत हेही खरे आहे. पण कोणी येऊन "बियाणे फुकट घ्या, खतही फुकट घ्या" असे म्हणू लागला, तर आपण शेतकरी माणसे आधी काय विचारतो? "मग यात तुझा फायदा काय?" बातमीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारायचे आपण विसरून गेलो आहोत.

आज तोच प्रश्न विचारायचा आहे. बातमी गोळा करायला, तपासायला आणि आपल्यापर्यंत पोचवायला खर्च येतो. तो खर्च पूर्वी कोण देत असे, आज कोण देतो, आणि देणारा बदलला म्हणजे बातमीचे काय होते, हे आपण क्रमाने पाहू.

वर्गणी आणि जाहिरात

प्रथम थोडे मागे जाऊ. मराठीतले पहिले वर्तमानपत्र 'दर्पण' बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले. ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघे, आणि १८४० पर्यंत चालले. त्या काळी वर्तमानपत्र म्हणजे वर्गणीदारांच्या जिवावर चालणारी गोष्ट होती. साक्षर माणसे थोडी, त्यांतून पदरचे पैसे घालून अंक घेणारी त्याहून थोडी.

'दर्पण' निघाल्यावर पुढच्याच वर्षी, १८३३ साली, तिकडे अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात बेंजामिन डे नावाच्या मुद्रकाने 'सन' नावाचे दैनिक काढले. इतर दैनिके सहा सेंटला मिळत होती. त्याने आपला अंक एका सेंटला विकायला काढला. लोकांना नवल वाटले. यात गोम अशी होती की, अंक स्वस्त म्हणून वाचक पुष्कळ, आणि वाचक पुष्कळ म्हणून जाहिरातदार आपण होऊन दारात. तूट पडली ती जाहिरातीने भरून काढली. पुढची जवळजवळ पावणेदोनशे वर्षे जगभरच्या वर्तमानपत्रांनी हाच हिशोब चालवला. आपल्या घरी आजही येणारा अंक पाहा. त्यावरची किंमत कागद, शाई, छपाई, वाहतूक आणि विक्रेत्याचे कमिशन यांच्या बेरजेहून बहुधा कमीच असते. उरलेले पैसे जाहिरातदार देतो. म्हणजे आपण अर्धी किंमत मोजत होतो आणि अर्धी दुसराच कोणी मोजत होता.

या व्यवस्थेत धोका नव्हता असे नाही. ज्याचा पैसा त्याचे ऐकावे लागते. 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर हे आपल्या कराडजवळच्या टेंभूचे. त्यांनी १८८८ साली 'सुधारक' काढले. समाजाला न रुचणारे लिहिणाऱ्या पत्राला वर्गणीदारही बेताचे आणि जाहिरातदारही बेताचेच, हे सांगायला नको. तेव्हा स्वतंत्र मताला पैशाचे पाठबळ कोठून आणायचे, हा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही.

किर्लोस्करवाडीचे उदाहरण

जाहिरात आणि वाचनीय मजकूर यांचे नाते समजून घ्यायला फार लांब जायला नको. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीला जाऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर कारखाना उभा केला. त्यांचा माल म्हणजे लोखंडी नांगर. लोखंडी फाळाने जमीन विषारी होते, अशी समजूत त्या काळी होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली अशी हकिकत सांगतात. माल चांगला असून भागत नाही, तो का चांगला हे गिऱ्हाइकाला समजावून द्यावे लागते, हा धडा त्या कारखान्याला अगदी आरंभीच मिळाला.

१९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी तेथूनच 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांना कळावी, हा त्याचा मूळ हेतू. पण नुसत्या नांगराच्या माहितीला वाचक किती मिळणार? म्हणून त्यात उद्योगधंद्याचे, नव्या विचारांचे, पुढे कथा-कवितांचे लेखन येऊ लागले. १९२९ साली 'खबर' हा शब्द गळाला आणि ते नुसते 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. एका कारखान्याच्या जाहिरातीसाठी काढलेल्या पत्रातून महाराष्ट्राच्या घराघरांत वाचली जाणारी तीन मासिके झाली.

यातून घ्यायचा बोध असा की, जाहिरातीचा पैसा हा मुळात वाईट नव्हे. त्यातून चांगले लेखनही उभे राहू शकते. मात्र त्यासाठी एक अट आहे. पैसा देणारा कोण हे वाचकाला उघड दिसले पाहिजे. 'किर्लोस्कर खबर' हातात घेणाऱ्याला हे पत्र नांगराच्या कारखान्याचे आहे, हे नावावरूनच कळत होते. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

आकाशवाणीचेच पाहा ना. रेडिओ ऐकायचा तर पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. पुढे १९८० च्या दशकात परवाना बंद झाला. ऐकणाऱ्याचे पैसे वाचले. पण खर्च काही नाहीसा झाला नाही. तो सरकारने आणि जाहिरातदाराने उचलला.

जिल्ह्याच्या पेपराचा हिशोब

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे येऊ. तसा हा मुलूख एकमेकांत मिसळलेलाच. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखात मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या आल्या आणि स्थानिक दैनिके, साप्ताहिकेही निघत राहिली. त्यांच्या पानांवर काय असे? सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेची सूचना, बँकेच्या लिलावाची नोटीस, ग्रामपंचायतीची निविदा, सराफाची दिवाळीची जाहिरात, पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी, पुण्यस्मरणाचे चौकोन. गावचा वार्ताहर पुष्कळदा स्वतःच अंकाचा विक्रेता असे आणि जाहिराती गोळा करण्याचे कामही त्याच्याकडेच असे. सरपंचाकडून वाढदिवसाची जाहिरात घ्यायची आणि त्याच सरपंचाच्या कारभाराची बातमी द्यायची, ही कसरत त्याला करावी लागे. ज्या कारखान्याची पानभर जाहिरात छापायची, त्याच कारखान्याने उसाचे पैसे थकवले तर लिहायचे कसे? कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते मिळाले नाहीत ही बातमी काही वेळा छापून येई, काही वेळा येत नसे.

म्हणजे जुनी व्यवस्था काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. पण तिच्यात दोन गुण होते. एक म्हणजे सराफाने सांगलीत दिलेला जाहिरातीचा रुपया सांगलीतच राही. त्यातून छापखान्याचा कामगार, वार्ताहर आणि विक्रेता यांचे पोट भरे. दुसरा गुण असा की, पैसे देणारा आणि लिहिणारा दोघेही वाचकाच्या ओळखीचे होते. चुकीचे छापले तर दुसऱ्या दिवशी माणूस कचेरीत जाऊन टेबलावर अंक आपटू शकत असे.

नवा बाजार

इंटरनेट आले तेव्हा वर्तमानपत्रांना वाटले की, कागदाचा खर्च वाचेल आणि जाहिरात तशीच मिळेल. संगणकाच्या पडद्यावरच्या बातम्यांशेजारी चौकटीत जाहिरात लावण्याची सुरुवात अमेरिकेत ऑक्टोबर १९९४ मध्ये झाली. मराठी दैनिकेही पुढच्या काही वर्षांत इंटरनेटवर आली. आरंभी प्रत्येकाचा अक्षरसंच निराळा असे. तो उतरवून घेतल्याशिवाय पडद्यावर नुसती चौकटी-चौकटींची रांगोळी दिसे. युनिकोड ही एकच पद्धत सर्वत्र रूढ झाली तेव्हा ती अडचण मिटली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेटचे दर कोसळले आणि गावोगाव फोनवर बातमी पोचली. २०२० च्या टाळेबंदीत घरी येणारा अंक काही काळ थांबला. त्या वेळी मोडलेली सवय पुष्कळ घरांत पुन्हा जडली नाही.

वाचक तर इंटरनेटवर गेला. मग जाहिरातीचा पैसा वर्तमानपत्राच्या मागोमाग का गेला नाही? तो मधल्या बाजारात अडला. हा बाजार कसा चालतो, ते समजून घ्यायला सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा सौदा डोळ्यांपुढे आणा. शेतकरी माल आणतो, अडत्या तो मांडतो, व्यापारी बोली लावतात, चढ्या बोलीला माल जातो. आता अशी कल्पना करा की, तुम्ही फोनवर एखाद्या दैनिकाची बातमी उघडली. पान उघडण्याच्या आत, पापणी लवते न लवते तोच, तेथे एक लिलाव होऊन जातो. माल कोणता? तुमचे लक्ष. 'तासगाव भागातला, द्राक्षाची बाग असलेला, काल ठिबक सिंचनाची माहिती शोधणारा एक माणूस आता हे पान पाहतो आहे. त्याला जाहिरात दाखवायची कोणाला?' असा पुकारा होतो. यंत्रेच बोली लावतात, यंत्रच हातोडा मारते आणि जिंकणाऱ्याची जाहिरात तुमच्या पडद्यावर येते. काल तुम्ही ठिबकची चौकशी केली आणि आज प्रत्येक बातमीखाली ठिबकचीच जाहिरात दिसते, त्याचे कारण हे. जनावराच्या कानाला बिल्ला मारावा, तशी खूण तुमच्या फोनवर ठेवलेली असते.

आपल्या खरसुंडीसारख्या जनावरांच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. शेतकऱ्याला नक्की काय ठरले ते दलाल सांगेल तेवढेच कळे. या नव्या बाजाराचेही तसेच आहे. जाहिरातदाराने किती दिले आणि वर्तमानपत्राच्या हाती किती पडले, यांमधले गणित मधल्या माणसाला जितके ठाऊक, तितके दोन्ही टोकांच्या माणसांना ठाऊक नसते.

हा मधला माणूस कोण? बहुतेक ठिकाणी त्याचे नाव गूगल. या कंपनीने २००० साली शोधाच्या उत्तरांशेजारी जाहिराती विकायला सुरुवात केली, २००३ साली दुसऱ्यांच्या पानांवर जाहिराती लावून देण्याची सोय केली आणि २००८ साली डबलक्लिक ही या धंद्यातली मोठी कंपनी खरेदी करून आपल्यात घेतली. त्यानंतर विकणाऱ्याचा अडत्या तीच, घेणाऱ्याचा मुनीम तीच आणि मार्केट यार्डाची मालकीणही तीच, अशी स्थिती झाली. बाजार समितीत असे कोणी केले तर आपण चालू देऊ का? अमेरिकेतल्या न्यायालयानेही हेच म्हटले. वर्तमानपत्रांना जाहिराती लावून देणारे साधन आणि लिलावाचा बाजार या दोन्ही ठिकाणी गूगलने बेकायदा मक्तेदारी केली, असा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये झाला. आपल्याकडेही वृत्तसंस्थळांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला होता. या पैशाचा आकार कळावा म्हणून सांगतो, २०२४ या एका वर्षात गूगलचे जाहिरातीचे उत्पन्न २६ हजार कोटी डॉलरच्या वर होते. रुपये नव्हे, डॉलर.

बातमीचे काय झाले?

आता हिशोबासाठी एक उदाहरण मांडू. आकडे कल्पनेतले आहेत, रीत खरी आहे. समजा, जाहिरात हजार वेळा दाखवली की चाळीस रुपये मिळतात आणि एका पानावर दोन जाहिराती आहेत. जत तालुक्याच्या पूर्व टोकाच्या गावातल्या ग्रामसभेची बातमी दोन हजार लोकांनी वाचली. जाहिराती चार हजार वेळा दिसल्या. रुपये झाले एकशे साठ. मधल्याने सुमारे तिसरा हिस्सा ठेवून घेतला तर हातात पडले एकशे नऊ. सांगलीहून तेथे जाऊन यायचे म्हणजे दोनशे किलोमीटर होतात. मोटारसायकलवरून गेले तरी नुसत्या पेट्रोलला त्याच्या तिप्पट-चौपट पैसे लागतात. वार्ताहराच्या दिवसाची मजुरी तर वेगळीच.

याच वेळी कचेरीत बसून कोणी एका नटीच्या लग्नाची बातमी दहा मिनिटांत दुसरीकडून उतरवून काढली आणि ती दोन लाखांनी उघडली. झाले सोळा हजार. हातात पडले अकरा हजारांच्या आसपास. मंडळी, संपादक कितीही सज्जन असला तरी महिनाअखेरीला त्याने ग्रामसभेला माणूस पाठवावा की नटीचे लग्न लिहावे? आपण मोबाईलवर ज्या बातम्या पाहून कपाळाला हात लावतो, 'या गावात असे काही घडले की सगळेच थक्क झाले' अशी अर्धवट शीर्षके, गावाचे नाव लपवून ठेवणारी, ती या गणिताची संतती आहेत. गाव शीर्षकातच सांगितले तर तुम्ही पान उघडणार नाही, आणि पान उघडले नाही तर लिलाव होणार नाही.

गावागावांत निघालेल्या यूट्यूब वाहिन्यांचीही हीच गत. त्यांत मेहनतीने काम करणारी तरुण मुले आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. पण नेहमीच्या चित्रफितींवर जाहिरातीचे पैसे मिळायला लागण्यापूर्वी एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे, अशी अट पुरी करावी लागते. मग उत्पन्नातला ५५ टक्के वाटा मिळतो. तोवर पोट कशावर भरायचे? पुन्हा पुढाऱ्याच्या वाढदिवसावर. आता तर प्रश्न विचारला की गूगल स्वतःच चार वाक्यांत उत्तर रचून देते. माहिती ज्यांनी कष्टाने गोळा केली, त्यांच्या पानापर्यंत वाचक पोचतच नाही.

या सगळ्यात आपले, गावच्या माणसाचे, काय नुकसान होते? तीन गोष्टी सांगतो.

पहिली जमिनीची. जमीन विकत घेणारा वकिलामार्फत वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' देतो की, या गटावर कोणाचा हक्क असेल तर अमुक दिवसांत हरकत घ्यावी. पूर्वी चावडीवर किंवा केशकर्तनालयात कोणी ना कोणी ती वाचून म्हणे, "अरे, तुमच्या सामाईक रानाची नोटीस आलीय बघ." आता अंकच गावात येत नसेल तर नोटीस छापूनही न छापल्यासारखी. मुदत मात्र संपून जाते.

दुसरी पाण्याची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. अशा रात्री कोयनेतून किती पाणी सोडले आणि पुलाखाली किती फूट आहे, एवढ्या दोन आकड्यांवर घर सोडायचे की नाही, हे ठरते. ते आकडे अधिकाऱ्याला विचारून, तपासून सांगणारा जबाबदार माणूस हवा. तो नसला की जुन्या पुराची चित्रफीत आजची म्हणून फिरते, आणि 'धरण फुटले' ही अफवा पाण्याआधी गावात शिरते. कॅनडात याचा अनुभव आला आहे. तेथे १९२३ साली नव्हे, अगदी अलीकडे, २०२३ साली मोठ्या कंपन्यांनी बातम्यांबद्दल वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा असा कायदा झाला. फेसबुकच्या मालक कंपनीने मोबदला देण्याऐवजी आपल्या पानांवर बातम्या दिसणेच बंद केले. त्याच ऑगस्टमध्ये यलोनाइफ हे शहर वणव्यामुळे रिकामे करावे लागले, आणि माणसांना एकमेकांना बातमी पाठवता येईना.

तिसरी गोष्ट जिवाची. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ती भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची निरपराध माणसे होती. फोनवरून फिरलेल्या अफवांनी आधी लोकांची मने भडकवून ठेवली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत व्हॉट्सॲपने देशातल्या वर्तमानपत्रांत पान-पान जाहिराती देऊन अफवा कशा ओळखाव्यात ते सांगितले. यातली गंमत नव्हे, पण खूण पाहा. कोट्यवधी फोनांत ज्या कंपनीचा वावर, तिला लोकांनी आपल्या सांगण्यावर विश्वास ठेवावा म्हणून छापील कागदाकडे यावे लागले. ज्यावर नाव, गाव आणि जबाबदार संपादक छापलेला असतो, त्या कागदाची पत अजून शिल्लक आहे.

मग करायचे काय?

काही देशांनी कायद्याचा मार्ग धरला. ऑस्ट्रेलियाने २०२१ साली कायदा केला आणि मोठ्या कंपन्यांना वृत्तसंस्थांशी मोबदल्याचे करार करावे लागले. कॅनडात गूगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचे मान्य केले. आपल्या केंद्र सरकारने २०२३ च्या धोरणात इंटरनेटवरील संस्थळांना सरकारी जाहिराती देण्याची तरतूद केली, पण त्यासाठी महिन्याला किमान अडीच लाख वाचक हवेत. कराड किंवा विट्याच्या एखाद्या साप्ताहिकाने तेवढे वाचक आणायचे कोठून?

दुसरा मार्ग वाचकांनीच खर्च उचलण्याचा. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ पासून इंटरनेटवरच्या वाचनाला वर्गणी लावली आणि आज तिचे वर्गणीदार एक कोटीहून अधिक आहेत. आपल्याकडे पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेली 'पारी' ही ग्रामीण भारताची नोंद ठेवणारी संस्था जाहिरातीऐवजी देणग्यांवर चालते आणि मराठीतही वाचायला मिळते. कुंडलच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ यांनी ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ इंग्रजांच्या पगाराची रेल्वे अडवली, ती हकिकत त्यांच्या तोंडून ऐकून तिने जगापुढे ठेवली. भाऊ २०२२ साली गेले. ही मुलाखत जाहिरातीच्या लिलावावर सोडली असती तर कधी झालीच नसती.

आता आपल्या हातातले सांगतो. समजा, अंक पाच रुपयांचा आहे. महिन्याचे दीडशे झाले. एका घराला जड वाटत असेल तर वाडीतल्या दहा घरांनी मिळून घ्यावा. घरटी पंधरा रुपये पडतात. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किमान एक जिल्ह्याचे दैनिक येते की नाही, हे ग्रामसभेत विचारावे. इंटरनेटवर एखादे स्थानिक पत्र चांगले काम करीत असेल आणि वर्गणी मागत असेल तर ती भिकेसारखी न मानता द्यावी. वर्गणी देणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार राहतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेच्या फळ्यावर आपण सुविचार लिहितो. आठवड्यातून एक दिवस त्याच्या जागी फोनवर फिरणारी एक बातमी लिहावी आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत. ही कोणी लिहिली, नाव आहे का? ही केव्हाची आणि कुठली, तारीख व गाव आहे का? आणि ही आपल्यापर्यंत पोचवण्याचे पैसे कोणी दिले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुले पटकन शोधतील. तिसऱ्यापाशी अडतील. अडू द्यावे. एखादा मुलगा 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असा बारीक अक्षरातला शब्द शोधून काढील, एखादी मुलगी 'हा पुढारीच पैसे देत असेल' असे म्हणेल. विचार सुरू झाला म्हणजे झाले. सातवीच्या मुलांना शेकडेवारी शिकवताना वर मांडलेला ग्रामसभेचा आणि नटीच्या लग्नाचा हिशोब सोडवायला द्यावा. गणितही होईल आणि नागरिकशास्त्रही.

श्रोतेहो, किर्लोस्करवाडीच्या पत्राच्या वेळी एक सूत्र लक्षात ठेवायला सांगितले होते. पैसा देणारा उघड दिसला पाहिजे. जुन्या पेपरात सराफाचे नाव चौकटीत दिसत होते. नव्या बाजारात देणारा रुमालाखाली आहे. म्हणून विचारण्याची जबाबदारी आता वाचणाऱ्यावर आली आहे. ज्या गावात ग्रामसभेला कोणी वार्ताहर येत नाही, उसाच्या थकबाकीवर कोणी दोन ओळी लिहीत नाही, त्या गावाचा कारभार अंधारातच चालतो, मग घरोघरी कितीही फोन लुकलुकत असोत. तो अंधार नको असेल तर बातमीच्या खर्चातला आपला वाटा आपण उचलला पाहिजे, एवढे सांगून आपली रजा घेतो.